लशीचं कार्ड

“आणि हे शेवटचं,” मोबाइलवर आलेली दवाखान्याची यादी वाचता वाचता साईराज म्हणाला, “पूर्वी एखादं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद. ते काय आपल्याला लागत न्हाय. बाकीचं जुनं कागद तेवढं सगळं घे, मावशी.”

मालुबाईंच्या हातातली साडी घडी घालता घालता अर्ध्यावरच थांबली. एक क्षण... फक्त एकच क्षण. मग त्यांनी ती नीट दुमडली, पिशवीत ठेवली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “व्हय. घेतो.”

ट्रंकेतली कागदांची कापडी पिशवी त्यांनी तशीच्या तशी उचलली. त्यात काय काय होतं ते देवालाच ठाऊक. घरपट्टीच्या पावत्या, रेशनची जुनी कार्डं, मारुतीरावांच्या पलटणीतले कागद, सरकारी दवाखान्यातल्या कन्नडमधल्या चिठ्ठ्या. येळ्ळूरच्या त्या घरात कन्नड बोलायला सगळ्यांना यायचं, वाचायला मात्र कुणी बसायचं नाही. सरकारी कागद आला की त्यावरचा शिक्का बघायचा आणि पिशवीत टाकायचा, ही तिथली रीतच होती. साईराज शाळेत कन्नड शिकला होता, पण त्याने ती पिशवी कधी उघडलीच नव्हती.

मालुबाई चौतीस वर्षांपूर्वी या घरात आल्या, त्या थोरल्या बहिणीच्या जागेवर. आक्का काविळीने गेली तेव्हा साईराज अकरा महिन्यांचा होता. परकी सावत्र आणण्यापेक्षा मावशी बरी, असं म्हणून मोठी माणसं बसली, सुपारी फोडून उठली, आणि निपाणीकडची एकोणीस वर्षांची मालू येळ्ळूरची सून झाली. तिला कुणी विचारलं नाही; खरं सांगायचं तर नवऱ्या मुलालाही कुणी विचारलं नव्हतं. मारुतीराव पलटणीतले. अक्षता पडल्या आणि आठव्या दिवशी ते जम्मूला गेले. मागे उरली मालू आणि तिच्या मांडीवरचं ते पोर. बोलायला लागल्यावर त्याने तिला ‘मावशी’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं राहिलं.

आणि मग ती गोष्ट... जी या जगात दोघांनाच ठाऊक होती. एकविसाव्या वर्षी, स्वतःच्या पोटी एकही लेकरू नसताना, मालूने कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मारुतीराव सुट्टीवर आले असताना माहेरी जायच्या निमित्ताने दोघं गेली होती. निपाणीकडच्या एका शिबिरात मारुतीरावांनी सही केली आणि काम उरकून दोघं परतीच्या एसटीत बसली. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि अर्धं गुपित त्यांच्याबरोबर गेलं. उरलेलं अर्धं मालुबाईंच्या पोटात होतं.

गावाने त्यांना वांझ म्हटलं. सासूने नवस बोलायला लावले, अनवाणी देवीला पाठवलं, आणि मालुबाई प्रत्येक वेळी गेल्या. देवीसमोर हात जोडून त्या मनातल्या मनात म्हणायच्या, आई, तुला तर सगळं ठाऊकच आहे, मला एवढं चालून घेऊ दे. पण या सगळ्यापेक्षा खोल गेलं होतं ते एकच वाक्य. साईराज सोळा वर्षांचा होता. पोरांबरोबर धरणावर पोहायला जायचं होतं, मावशीने उंबऱ्यावरच अडवलं. त्या रागात तो बोलून गेला, “तुला सोताचं पोर असतं म्हंजे कळलं असतं.”

पेन्शनीत निघालेले मारुतीराव खुर्चीतून उठले. तोंड उघडलं... मालुबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते पुन्हा खाली बसले. ते वाक्य एका शब्दात मोडता आलं असतं, पण त्या शब्दाने पोर जन्मभर उपकाराखाली दबून गेलं असतं. आणि उपकाराने वाकलेलं पोर त्यांना नको होतं. त्यानंतर साईराज शिकला, पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं. त्याने कशाला कमी पडू दिलं नाही. दिवाळीला साडी, महिन्याला औषधं. पण मावशीच्या समोर तो पाच मिनिटांच्या वर कधी बसला नाही. ते वाक्य तो विसरला असेल, असं मालुबाई धरून चालल्या होत्या.

आता गर्भाशयात गाठी झाल्या होत्या आणि ते काढायचं होतं. एवढी वर्षं गावाला फसवलं, सासूला फसवलं, देवीला विश्वासात घेऊन का होईना, फसवलंच. आता एका डॉक्टरणीपुढे ‘न्हाय’ म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

*

अनगोळ मागे टाकून गाडी बेळगावच्या त्या मोठ्या दवाखान्यात शिरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. डॉक्टर निवेदिता पंचविशी-तिशीतली शांत मुलगी होती. ती एकेक प्रश्न विचारत लिहीत होती. साईराज बाजूला उभा होता.

“बाळंतपणं किती झाली?”

“न्हाय.”

“दिवस कधी राहिले होते?”

मालुबाई थांबल्या. इथे खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. “एकदा. तिसऱ्या म्हैन्यात गेलं.”

साईराजने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. हे त्याला आजच कळत होतं.

“पोटाचं काही ऑपरेशन?”

“न्हाय.”

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. “आठवून सांगा, काकू. पूर्वी पोट उघडलेलं असेल तर आत आतडी चिकटून बसलेली असू शकतात. आधी कळलं तर आम्ही जपून हात घालतो. न कळता घातला तर तुमच्या जिवाला धोका असतो.”

“न्हाय बाई,” मालुबाई म्हणाल्या. “काय बी झालेलं न्हाय.”

वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. शिवलीला सिस्टर गरम पाण्याची बादली घेऊन आली. चाळिशीची, ठसठशीत कुंकवाची, अर्धं कन्नड नि अर्धं मराठी बोलणारी बाई. तिने साईराजला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि उद्याच्या ऑपरेशनची तयारी सुरू केली.

ही तयारी म्हणजे काय असते, याची मालुबाईंना कल्पनाच नव्हती. त्यांना वाटलं होतं, एखादी सुई टोचतील आणि झोपवतील. पण ती बाई आधी पायाशी बसली. टाचांच्या भेगा तिने साबणाने घासल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या. मग एकेका नखाला हातात धरून ते कापलं. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी ती सांगायची, “आता पाय धरते हं, आक्का. आता पोट पुसते.” बोटातली चांदीची अंगठी निघेना, मारुतीरावांनी पहिल्या सुट्टीत आणलेली ती, तर तिने कापायची पक्कड मागवली नाही. जाड दोऱ्याचं एक टोक तिने अंगठीखालून घातलं, बोटाला घट्ट वेढे दिले आणि दुसऱ्या टोकाने वेढा उलगडत उलगडत अंगठी पेरावरून अलगद बाहेर काढली. मालुबाई बघतच राहिल्या.

या अंगाने त्यांनी चारा वाहिला होता, घागरी वाहिल्या होत्या, नवस चालले होते. त्याला कुणी असं निगुतीने हाताळलं, असं कधी घडलंच नव्हतं. आणि इथे एक अनोळखी बाई देवाच्या मूर्तीला अभिषेक घालावा तशी त्यांना धूत होती... उद्या कुणीतरी आपल्या पोटात हात घालणार, त्या हातासाठी एवढी स्वच्छता, एवढी काळजी, एवढी माणसं! आपल्या जिवाची इतक्या लोकांना गरज असावी, या विचारानेच त्यांचे डोळे भरून आले. आणि याच माणसांशी आपण खोटं बोललो, हेही त्यांना त्याच वेळी कळलं.

सिस्टरचा हात बेंबीखाली थांबला. तिथे बोटभर लांबीचा पांढुरका व्रण होता.

“हे काय ओ आक्का?”

“म्हशीचं शिंग लागलंतं.”

“म्हैस लई शहाणी दिसते तुमची,” शिवलीला शांतपणे म्हणाली. “टाके पण घालून गेली.”

मालुबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टरने पुढे काही विचारलं नाही. पोट पुसून कोरडं केलं, अंगावर चादर ओढली, साईराजला आत बोलावलं आणि म्हणाली, “जुने कागद आणलेत न्हवं? द्या बगू.”

साईराजने कापडी पिशवी पलंगावर पालथी केली. रक्तदाबाच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या. पावत्या बाजूला झाल्या. शेवटी पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं एक कार्ड सिस्टरच्या हातात आलं, तसा मालुबाईंचा चेहरा थोडा उजळला.

“ते ऱ्हाऊ द्या. साईराजचं लशीचं कार्ड हाय ते. त्याच्या ल्हानपणातलं तेवढंच ऱ्हायलंय माझ्याजवळ.”

शिवलीलाने कार्ड उलटून बघितलं. पुन्हा सुलटं केलं. मालुबाईंकडे बघितलं, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “आक्का... हे लशीचं न्हवे. हे फॅमिली प्लॅनिंगच्या ऑपरेशनचं आहे.”

झालं होतं ते असं. फार वर्षांपूर्वी एकदा सासू ट्रंक उपसायला बसली होती. घाबरलेल्या मालूने दोन सरकारी कार्डांमधलं एक ओढून चुलीत घातलं होतं. दोन्ही पिवळी, दोन्हींवर तोच शिक्का, दोन्ही कन्नडमधली. ज्यावर नर्सबाईने बोट ठेवून “इथं तुमच्या पोराचं नाव लिहिलंय” म्हणून सांगितलं होतं, ते लशीचं, अशी तिची समजूत होती. पण ते बोट तर शिबिरात ठेवलेलं होतं. जळालं ते साईराजचं लशीचं कार्ड; आणि जे कुणाच्या दृष्टीलाही पडू नये, ते तिने बत्तीस वर्षं जिवापाड जपलं होतं.

साईराजने हात पुढे केला. सिस्टरने कार्ड दिलं आणि म्हणाली, “पाच मिनटानं येते. हे डॉक्टरला दाखवायला पायजे.” पडदा तिच्यामागे हलत राहिला.

शाळा सुटल्यापासून त्याने कन्नड अक्षर वाचलं नव्हतं. तो पहिलीतल्या पोरासारखा बोट ठेवून वाचू लागला. “हेसरु... मालुबाई. वयस्सु... एकवीस. मक्कळु... ओंदु.” मुलं, एक. तो थांबला. “मगुविन हेसरु...” मुलाचं नाव. पुढची चार अक्षरं त्याला मोठ्याने वाचवेनात.

त्याने कार्ड मांडीवर ठेवलं.

“म्हंजे मी तीन वर्साचा व्हतो.”

“व्हय.”

“आप्पांना ठाऊक व्हतं?”

“सही त्यांनीच केलती.”

“का गं, मावशी?”

मालुबाई छताकडे बघत बोलू लागल्या. जणू साईराजला नाही, त्या पांढऱ्या छतालाच सांगत होत्या. “मला दिस गेलते. लई मळमळायचं. तू खेळत खेळत येऊन पोटावर चढलास... मी तुला ढकललं. जोरात ढकललं. तू रडला न्हाईस, साई. भिंतीला टेकून बसलास आणि नुसतं माझ्याकडं बगत ऱ्हायलास. अजून आलं बी न्हवतं पोटातलं, तर माझा हात असा. आल्यावर काय करील हा हात? मला माझंच भ्या वाटलं. पोटातलं आपसूक गेलं पुढं... पर भ्या काय गेलं न्हाय.”

आता तो पायाशी पडेल, रडेल, आपण देवी होऊन बसू... ज्याच्या भीतीने एवढी वर्षं तोंड शिवलं, ते आता होणार म्हणून मालुबाईंनी डोळे घट्ट मिटले.

पण साईराज उठून खिडकीपाशी गेला होता. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता.

“आणि मला कुणी इचारलं?”

मालुबाईंनी डोळे उघडले.

“सुट्टीत समद्यांच्या घरात दोघं-तिघं भांडायची. मी घरच्या सोप्यात एकटा गोट्या खेळायचो, दोन्ही बाजूनं मीच. आप्पा गेलं तवा त्यांच्या बाजूला मी एकटा हुबा व्हतो. चुलत्यांची पोरं व्हती, पर ती चुलत्यांची. उद्या त्या ऑपरेशनच्या दाराबाहेर बी मी एकटाच बसणार. तू मला समदं दिलंस, मावशी. एक भाऊ तेवढा दिला न्हाईस. अगं, ढकलतात गं आया पोरांना. परवा मीच भैरवीला ढकललं, कामाचा फोन चालू व्हता म्हणून. रडली, आणि अर्ध्या तासात माझ्याच मांडीवर झोपली. एवढंच असतंय ते.”

एवढंच असतं... मालुबाई त्या दोन शब्दांकडे आश्चर्याने बघत राहिल्या. भैरवी, त्यांची सहा वर्षांची नात, ढकललं तर रडते आणि मांडीवर येते. म्हणजे शिबिराच्या त्या दिवशी आपण जरा थांबलो असतो, तर पुढे एखादं पोर आलं असतं. हे सांगायला तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. एकवीस वर्षांच्या पोरीने एकटीने स्वतःला गुन्हेगार ठरवलं, एकटीने शिक्षा दिली, आणि ती शिक्षा दुसऱ्याही कुणी भोगली, हे तिला आज, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळत होतं. त्याग म्हणून छातीशी धरलेल्या गोष्टीला दुसरी बाजू होती, आणि त्या बाजूला एक पोर एकटंच गोट्या खेळत बसलं होतं.

“चुकलं रं माझं,” त्या म्हणाल्या. “तुझा ह्यो इचार मला कदी सुचलाच न्हाय.”

त्या शब्दांसरशी साईराजचा राग कुठल्या कुठे गेला. तो पलंगाशेजारी मटकन खाली बसला आणि मावशीचा नुकताच धुतलेला, अंगठी नसलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला. “तसं न्हवं... मी ते काय बोललोतो तुला, उंबऱ्यावर. तुला सोताचं पोर असतं म्हंजे... मावशी, तवापासनं तुझ्यासमोर बसाय आलं की माझं तोंड जळतंय.”

“तुझ्या ध्यानात हाय व्हय ते?”

“विसरू कसं?”

एकोणीस वर्षं एकाने विसरण्याचं आणि दुसऱ्याने न आठवण्याचं सोंग केलं होतं. मालुबाईंनी दुसरा हात त्याच्या केसांवर ठेवला. पस्तिशीच्या त्या बापड्याचे केस कानाशी पांढरे झाले होते; इतक्या जवळून त्यांनी ते कधी बघितलेच नव्हते. तो लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि या वेळी त्यांना भीती वाटली नाही.

“आता आई म्हणू काय तुला?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“नगं. ती जागा आक्काची. मावशी म्हणूनच तू मला पैलं वळखलंस, तेच बरं हाय.”

शिवलीला सिस्टर परत आली ती वाट पाहूनच आली असावी. तिने कार्ड फाइलीला लावलं. डॉक्टर निवेदिता स्वतः येऊन गेली, रागावली नाही, फक्त म्हणाली, “बरं झालं, आज कळलं. उद्या मी मोठ्या मॅडमना बरोबर घेते.” संध्याकाळी केसांच्या दोन वेण्या घालायच्या होत्या, तर साईराजने कंगवा मागून घेतला. पुण्यात रोज सकाळी लेकीच्या वेण्या तोच घालतो, हे मालुबाईंना ठाऊक नव्हतं. तो भांग पाडत होता, पेड घट्ट ओढत होता, आणि त्या न हलता बसून राहिल्या, थोडंसं हललं तरी हे सगळं थांबेल की काय, अशा बेताने.

*

सकाळी साडेसातला हिरवा झगा घालून मालुबाईंना ढकलगाडीवर निजवलं. साईराज एक हात धरून चालत होता. ऑपरेशनच्या दारापाशी शिवलीलाने त्याला थांबवलं. “हितवर बास ओ.”

“भिऊ नगंस,” मालुबाई म्हणाल्या.

“भिऊ नगंस म्हणायचं ते मी,” तो म्हणाला, आणि हसायला गेला तर त्याला जमलं नाही.

गाडी आत वळली. आडवं पडल्यापडल्या मालुबाईंना बाहेरचा बाक दिसला. त्यावर दुसऱ्या पेशंटांची माणसं चार-चार, पाच-पाच दाटीने बसली होती, डबे होते, कुजबुज होती. येळ्ळूरची भावकी दुपारपर्यंत यायची होती; साईराजची बायको भैरवीपाशी पुण्यातच होती. साईराज त्या बाकाच्या टोकाशी बसला, गुडघे जवळ घेऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कुणाशी न बोलता.

“सिस्टर, एक काम हाय.”

“घाबरू नका आक्का. सगळं बरोबर हुतंय.”

“माझं न्हवं.” मालुबाईंनी तिचं मनगट धरलं. “भाईर माझा पोरगा बसलाय. एकटा हाय ओ. त्याला भाऊ न्हाय, बहीण न्हाय... मीच ठिवली न्हाय. तुमास्नी येळ गावला तर जरा त्याच्याजवळ बसा.”

शिवलीलाला अजून तीन पेशंट तयार करायचे होते. तरी तिने हातातली फाइल दुसऱ्या नर्सकडे दिली आणि बाहेर गेली.

दार लागता लागता तिचा आवाज आत आला.

“सरका ओ थोडं. मला पण बसू द्या.”

मालुबाईंनी डोळे मिटले.